अक्षता पडताना फोटोवाला कुठे उभा असावा?

तुळशीचं लग्न झालं की सोलापुरातली मंगल कार्यालयं भरायला लागतात आणि आमच्याकडे लग्नाच्या फोटोंबद्दलची पत्रं यायला लागतात. यंदा नवऱ्या मुली, मुलींचे वडील आणि खुद्द फोटोग्राफर, अशा सगळ्यांनीच विचारलंय. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापलेली नाहीत. एका पत्रात तर ‘सासरी कळू देऊ नका’ हे दोनदा अधोरेखित केलं होतं.

प्रश्न : आमचं लग्न बघून ठरलेलं. आत्तापर्यंत दोनदाच भेटलोय, तेही घरच्यांसमोर. सासरच्यांनी प्री-वेडिंग शूट ठरवलंय. मला कॅमेऱ्यासमोर हसता येत नाही आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून उभं राहणं तर नकोच. फोटोग्राफर म्हणतो, ‘ते माझ्यावर सोडा.’ सोडू का?
— नियोजित वधू, जुळे सोलापूर

उत्तर : बोलल्याशिवाय सोडू नका. शूटच्या आधी नवरा आणि नवरी दोघांशी वेगवेगळं बोलणं हे फोटोग्राफरचं काम आहे. एकत्र विचारलं की ‘चालेल ना?’ला भिडेखातर ‘चालेल’च येतं. त्याने विचारलं नाही तर तुम्हीच लिहून पाठवा: हात हातात चालेल, शेजारी बसलेलं चालेल, मिठी नको, कपाळाला कपाळ नको. एवढ्या मर्यादेतही वीस-पंचवीस उत्तम फोटो होतात. पदर, निऱ्या, केस सारखे करायचं काम तुमच्या बहिणीचं किंवा फोटोग्राफरच्या मदतनीस मुलीचं. त्याने लांबून सांगायचं, हात लावायचा नाही. हे त्याला समजावून सांगावं लागत असेल तर दुसरा बघा.

हसण्याचं म्हणाल तर ‘स्माइल प्लीज’ला ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. म्हणून जाणता फोटोग्राफर पोझ देत बसत नाही, हाताला काम देतो. कॅमेऱ्याकडे न बघता समोरून वीस पावलं चालत या आणि चालताना सकाळी काय खाल्लं ते एकमेकांना सांगा. त्याच्या कुर्त्याची बाही दुमडून द्या. तिच्या बांगड्या मोजा. हात गुंतले की खांदे आपोआप खाली येतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं अशीच जाऊ द्यायची. त्यातले बहुतेक फोटो टाकाऊ निघतात आणि तसेच निघायचे. लेन्स ८५ किंवा १३५ एमएमची असली की फोटोग्राफर पाच-सहा मीटर लांब राहतो आणि तुम्हाला हळू आवाजात बोलता येतं. २४ एमएम घेऊन तोंडाशी आला की लाजणारं माणूस आणखी आक्रसतं, शिवाय फ्रेमच्या कडेचा चेहरा ताणल्यासारखा दिसतो. सोबत आलेली भावंडं मागे उभी राहून ‘दादा, जवळ घे की’ म्हणून ओरडतात, त्यांचाही बंदोबस्त हवा. एकाच्या हातात रिफ्लेक्टर द्यावा, दुसऱ्याला चहा आणायला पाठवावं.

उभं राहताना वजन मागच्या पायावर, अंग कॅमेऱ्याला तिरकं, पंजा सपाट न दाखवता कडेने. उंचीत फूटभर फरक असेल तर पायऱ्यांवर एक वर, एक खाली. नाहीतर उंच माणसाला बसवायचं. चष्मा काढू नका, काढला की माणूस परका दिसतो. चष्म्याच्या दांड्या कानावरून किंचित उचलल्या की काचा खाली झुकतात आणि चमक जाते. ऊन डोळ्यांत येत असेल तर डोळे मिटून ‘तीन’ म्हटल्यावर उघडायचे.

आता जागा आणि वेळ. भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ट्रायपॉड, लाइट घेऊन जायचं असेल तर परवानगी आधी काढा, दारात वाद घालून मूड घालवू नका. सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात देवस्थानला विचारूनच. संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा मंदिर आणि होम मैदान दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नसते; ते दिवस सोडाच. मोकळं पाणी आणि आभाळ हवं असेल तर हिप्परग्याचा तलाव. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या आत उगवतो आणि आठ वाजेपर्यंत ऊन इतकं चढतं की डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. म्हणजे मेकअपला पहाटे चारला बसायचं. जमणार नसेल तर संध्याकाळी साडेपाच ते सात. डिसेंबरात सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी साडेचार ते पावणेसहा.

प्रश्न : अक्षतांच्या वेळचे माझे फोटो हमखास बिघडतात. कधी मुंडावळ्या स्पष्ट आणि डोळे धूसर, कधी उडता तांदूळ स्पष्ट आणि नवरा धूसर, कधी फोटोभर आडवे काळे पट्टे. आणि अंतरपाट सरकला की समोर पन्नास मोबाइल.
— फोटोग्राफर, बार्शी

उत्तर : हे चार वेगवेगळे आजार आहेत, एका गोळीने जाणार नाहीत.

मुंडावळ्यांपासून सुरू करू. मोत्यांच्या सरी चेहऱ्याच्या पुढे लोंबतात आणि चमकतात, म्हणून ऑटोफोकस आधी त्यांना धरतो. मिररलेस कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस चालू ठेवा आणि ट्रॅकिंगची संवेदनशीलता सगळ्यात कमी करा, म्हणजे मध्येच उडालेल्या दाण्याच्या मागे तो धावणार नाही. जुना डीएसएलआर असेल तर एकच बारीक फोकस पॉइंट भुवईवर ठेवा, मागच्या बटणाने फोकस धरा आणि बोट काढून घ्या. अंतरपाटामागची माणसं जागची हलत नाहीत, धरलेला फोकस टिकतो.

नवरा धूसर येतो त्यात दोष लेन्सच्या छिद्राचाही असतो; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा (खोली) अरुंद. फुल फ्रेमवर ८५ एमएम, एफ १.८ आणि चार मीटर अंतर असेल तर जेमतेम पाव मीटर खोलीच स्पष्ट येते. दोघांमध्ये अंतरपाट धरून दोन-अडीच फूट असतात, तिरक्या कोनातून दोन्ही चेहरे त्यात बसणार कसे? एफ ४ ला ती खोली दुप्पट होते. त्याहून सोपं म्हणजे ३५ एमएम, अडीच मीटर, एफ ४; इथे सव्वा मीटरच्या वर खोली मिळते. पार्श्वभूमी धूसर करायचा मोह अक्षतांच्या वेळी आवरा. मागचे काका-मामा दिसायलाच हवेत.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ती ५० हर्ट्‌झची, त्यामुळे हलके एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५०० सेकंद असलं, किंवा इलेक्ट्रॉनिक शटर असलं, की फ्रेमचा एक भाग उजळ क्षणात आणि दुसरा अंधाऱ्या क्षणात टिपला जातो. १/१०० ला पट्टे जातात, पण अक्षतांच्या रेघोट्या होतात. दोन्ही साधायचं तर उजेड आपला हवा. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत आठ-नऊ फुटी स्टँडवर एकेक फ्लॅश, खाली झुकवलेला; मेकॅनिकल शटर १/१०० ते १/२००; आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) इतका की फ्लॅश बंद असताना फोटो दीड-दोन स्टॉप काळा यावा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मग चेहऱ्यांवर मुख्य उजेड फ्लॅशचा पडतो आणि त्याचा झोत इतक्या कमी वेळाचा असतो की दाणे हवेत थबकलेले दिसतात. फ्लॅश छताकडे वळवून मारायची सवय असेल तर आधी छत बघा. लाल-पिवळं कापड असलं की तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो. मागे एलईडीची भिंत असेल तर तिचं लुकलुकणं आणखी निराळं. ती चालू करून घेऊन मुहूर्ताच्या आधी वेगवेगळ्या शटरवर पाच-सहा फोटो काढून बघा. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधा, कारण करवल्या धावणारच.

राहिली जागा. एकटे असाल तर अंतरपाटाच्या रेषेत उभे राहा. कापड कडेने पातळ पट्टीसारखं दिसतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन चेहरे. दोघं असाल तर दुसऱ्याने नवऱ्याच्या मामाच्या खांद्याशी, गुडघ्यावर बसून, रोख नवरीकडे. खाली का बसायचं? अंतरपाट सरकतो तेव्हा नवरी बहुतेक वेळा खाली बघत असते. उभ्याने काढलेल्या फोटोत फक्त भांग येतो. भटजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू केलं की क्लिक थांबवा, कॅमेऱ्याचा बफर रिकामा होऊ द्या, फ्लॅश पूर्ण भरू द्या. पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत अंतरपाट, नजर, पहिला हार, वाजंत्री सगळं होऊन जातं. लेन्सला हूड लावा. गड्ड्याच्या अक्षता सोहळ्यात हात बसलेली सोलापूरची माणसं, तांदूळ असो की ज्वारी, नेम धरून टाकतात.

मोबाइलवाल्यांशी फोटोग्राफरने भांडू नये, तो हरतो. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी दोन्ही घरचा एकेक वजनदार माणूस गाठा, स्टेजच्या पुढच्या कडेला चार फूट जागा मोकळी ठेवायची त्यांच्याकडून कबूल करून घ्या, आणि माइकवरून एक वाक्य भटजींना बोलायला सांगा. तेच वाक्य फोटोग्राफर बोलला तर कोणी ऐकत नाही.

प्रश्न : बहिणीच्या हळदीचे फोटो बघवत नाहीत. सगळ्यांचे चेहरे नारिंगी आणि पिवळ्या साडीवरची नक्षी गायब. माझ्या हळदीत हे टाळता येईल?
— नवरी, अक्कलकोट

उत्तर : येईल, आणि अर्धं काम मांडववाल्याचं आहे. पिवळ्या कापडाच्या कनातीखाली हळद लावली की उजेड कापडातून गाळूनच येतो, त्यातला निळा भाग वरच अडतो. जो उजेड पोचलाच नाही तो कॉम्प्युटरवर परत आणता येत नाही, चेहरे फार तर करडे करता येतात. वर पांढरं कापड बांधायला सांगा. पिवळं, झेंडू, आंब्याचं डहाळं सगळं बाजूला आणि मागे.

नक्षी जाते ती उन्हात. पिवळ्या रंगात लाल आणि हिरवा भाग भरपूर, निळा जवळजवळ नाही. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल आधीच भरून वाहत असतो. फोटोग्राफरला सांगा: तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम बघ, एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेव, रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढ, आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर नको. ऑटो समोर इतका पिवळा बघून गोंधळतो आणि दर फोटोत वेगळा रंग देतो. मोकळ्या उन्हात ५२०० केल्व्हिनच्या आसपास बांधून ठेवलेला बरा.

अजून एक. उष्टी हळद नवऱ्याकडून यायची असेल तर दोन्ही घरच्या वेळा फोटोग्राफरला द्या. एकटा माणूस अकराला सोलापूरच्या बाळीवेशीत आणि अकरालाच अक्कलकोटला नसतो. आणि कपड्यावर हळद पडली तर लगेच साबण लावू नका. साबणातल्या अल्कलीने डाग लाल होतो. आधी गार पाण्याने धुवा, नंतर उन्हात वाळवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

प्रश्न : थोरलीच्या लग्नात शूटिंगवाल्याने मंगळसूत्र दोनदा बांधायला लावलं. भटजी चिडले, व्याही चिडले. धाकटीच्या वेळी काय सांगू?
— मुलीचे वडील, होटगी रोड

उत्तर : एकच सांगा: विधी पुन्हा करायचा नाही. हार घातल्यावर क्षणभर थांबून फोटोकडे बघणं ठीक. मंगळसूत्र, कन्यादान, सप्तपदी परत नाही. चुकला तर चुकला.

तो चुकतो त्याचं कारण बहुतेक वेळा इतकंच की पुढे काय येणार हे त्याला माहीत नसतं. मुहूर्ताआधी दहा मिनिटं भटजींपाशी बसायला लावा. क्रम काय, होमाचा धूर पंख्याने कुठल्या बाजूला जाईल, नवरी कुठल्या अंगाला बसेल. मंगळसूत्राची गाठ मानेमागे पडते, म्हणून कॅमेरा पुढून तिरका हवा आणि वेणी-गजरा उचलून धरायला करवली आधीच ठरलेली हवी. गाठ मारताना हात अर्धा मिनिट सावकाश चालवा, अशी आधी विनंती केली तर भटजी ऐकतात. ऐन वेळी ‘गुरुजी थांबा’ म्हटलं की कोणीही चिडेल. लाजाहोम आणि कानपिळी नवरीच्या भावाची. कानपिळी तर पापणी लवायच्या आत संपते. भाऊ कोणता हे फोटोग्राफरला सकाळीच दाखवून ठेवा.

प्रश्न : मुलगी पूर्व भागातल्या तेलुगू घरातली, आम्ही मराठी. दोन्ही पद्धतीने लग्न आहे. आमचा फोटोग्राफर मराठी लग्नंच करतो. त्याला काय सांगावं?
— नवऱ्या मुलाची आई, सोलापूर

उत्तर : मुख्य गोष्ट ही की तेलुगू पद्धतीत मुहूर्ताचा क्षण हाराचा नसतो. मध्ये पडदा असतोच, पण मुहूर्ताला दोघं एकमेकांच्या डोक्यावर जिरं आणि गूळ ठेवतात, ते जीलकर्रा-बेल्लम. दोघांचे हात एकमेकांच्या डोक्यावर, म्हणजे समोरून काढलं तर बाह्या आणि कोपरच येतात. फोटोग्राफरने दोन पायऱ्यांच्या घडीच्या शिडीवर चढून, जरा बाजूने, वरून खाली घ्यावं. हात तसेच ठेवलेले असतात, त्यामुळे घाई नाही.

घाई तलंब्रालूला. हळदीचे तांदूळ दोघं ओंजळीने एकमेकांच्या डोक्यावर ओततात. सुरुवात शिस्तीत होते आणि नंतर चढाओढ लागते. हसू इथेच मिळतं, लाजाळू जोडप्यांचंही. दिवसाचा उजेड असेल तर शटर १/१००० आणि सलग फोटो. मांडवातल्या दिव्यांखाली असाल तर वर सांगितलेली फ्लॅशची पद्धत. दोन्हीकडचे पुरोहित एकमेकांना वेळ देताना काटकसर करतात, म्हणून दोन विधींमध्ये साडी बदलायला आणि मेकअप सारखा करायला निदान चाळीस मिनिटं कागदावर मागून घ्या.

प्रश्न : ‘फुल पॅकेज’ म्हणून फोटोग्राफर एक आकडा सांगतात. त्यात नेमकं काय विचारायचं? मैत्रिणीचा अल्बम अजून आलेला नाही, तिच्या मुलाचं बारसं झालं.
— नवरी, पंढरपूर

उत्तर : बारशाआधी अल्बम मिळवायचा असेल तर आधी हे समजून घ्या की उशीर बऱ्याचदा घरातच होतो. १२ बाय ३६ इंची अल्बमची ३०-३५ पानं म्हणजे साधारण १२० ते १५० फोटो. फोटोग्राफर पाचशे-सातशे देतो, त्यातून निवड नवरीने करायची, मग सासूबाईंनी, मग आत्याबाई म्हणतात आमचा एकही नाही. निवडीला मुदत घाला: फोटो मिळाल्यापासून तीन आठवडे, निवड एकाच माणसाची, आणि ती मिळाल्यावर किती दिवसांत डिझाइन, किती दिवसांत छपाई हे कागदावर.

बाकी विचारायचं ते असं. येणार कोण? ज्याचं काम बघून पसंत केलं तोच, की त्याने पाठवलेला दुसरा? लग्नाच्या मोठ्या तिथीला एकाच फोटोग्राफरकडे तीन-चार ऑर्डरी असतात आणि तेव्हा भाड्याची माणसं उभी राहतात. नावं लिहून घ्या. माणसं किती? ट्रॅडिशनल म्हणजे स्टेजवर रांगेने सगळ्यांचे फोटो, कँडिड म्हणजे न सांगता टिपलेले. एकाच माणसाकडून दोन्हीची अपेक्षा धरली तर दोन्ही अर्धवट. कॅमेऱ्यात दोन कार्डं एकदम भरतात का? याला ‘नाही’ असं उत्तर आलं तर पुढचं विचारायची गरज नाही, कारण कार्ड खराब झालं तर लग्न परत लागत नाही. फोटो तुमच्या ताब्यात येईपर्यंत दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या जागी ठेवणार का? पेनड्राइव्हमध्ये मिळालेले फोटो तुम्हीही लगेच दुसरीकडे उतरवून घ्या. पेनड्राइव्ह ही साठवायची वस्तू नव्हे.

इसार दिल्याची पावती, तारीख पुढे गेली तर इसाराचं काय, रात्री किती वाजेपर्यंत थांबणार, वरातीचे वेगळे पैसे का. आणि त्याच्या जेवणाची वेळ. हसू नका. शेवटच्या पंगतीला बसलेला फोटोग्राफर पाठवणीच्या वेळी ताटावर असतो.

प्रश्न : आमच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरने न विचारता इन्स्टाग्रामवर टाकले. तो म्हणतो, फोटो मी काढले, हक्क माझा.
— नवदाम्पत्य, सोलापूर

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं. कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, म्हणजे ज्याने काम सांगितलं आणि पैसे दिले त्याचा. त्याच्या छापील पावतीमागे बारीक अक्षरांत काही लिहिलंय का, ते मात्र आधी वाचा. तिथे ‘हक्क स्टुडिओचा’ असेल आणि खाली तुमची सही असेल तर बाजू फिरते. फोटोग्राफरांसाठी सरळ मार्ग हाच की बुकिंगच्या कागदावर एक ओळ ठेवावी: कोणते फोटो जाहिरातीला वापरू शकतो, कोणते नाही. हळदीचे ओले कपडे, पाठवणीचं रडणं आणि लहान मुलं यांना बहुतेक घरं नाही म्हणतात, ते आधीच विचारलेलं बरं.

प्रश्न : फोटोत मी ‘उजळ’ दिसावी असं सासूबाईंचं म्हणणं आहे. फोटोग्राफर म्हणतो, एडिटिंगमध्ये करून देतो.
— ‘सासरी कळू देऊ नका’

उत्तर : करू देऊ नका. चेहरा उजळ केला की मान आणि हात तसेच राहतात, आणि अल्बममध्ये शेजारी उभी असलेली तुमची आई वेगळ्याच उजेडात दिसते. सासूबाईंना हेच कारण सांगा, ते चालतं.

यात फोटोग्राफरइतकीच मेकअपवालीही महत्त्वाची. फाउंडेशन गालावर न बघता जबड्याखाली, मानेला लावून, खिडकीच्या उजेडात बघायला सांगा. वरून मारायच्या काही पावडरींमध्ये सिलिका असते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण समोरून फ्लॅश पडला की चेहऱ्यावर पांढरे चट्टे येतात. ट्रायलच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढा, लगेच कळेल.

प्रश्न : वरातीत ड्रोन हवा असा मित्रांचा आग्रह आहे. परवानगी लागते का?
— नवरा मुलगा, विजापूर रोड

उत्तर : लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमवरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि उडवणाऱ्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. त्याहून मोठी अडचण होटगी रोडच्या विमानतळाची. चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येईल असा भाग, नसतोच, आणि शहराचा बराचसा भाग त्यात येतो. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावरच्या नकाशावर तुमच्या कार्यालयाची जागा बघा आणि ड्रोनवाल्याकडे कागद मागा. लग्न गावाकडे असेल तर गोष्ट वेगळी, पण नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास नको. आणि कुठेही असलात तरी फटाक्यांच्या वेळी ड्रोन खाली उतरवलेला हवा.

प्रश्न : आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतोय, माणसं तीस. फोटोग्राफर अर्ध्या दिवसाचे पैसे मागतो. सही करायला पाच मिनिटं, मग अर्धा दिवस कशाला?
— एक जोडपं, सोलापूर

उत्तर : पाच मिनिटंही लागत नाहीत, म्हणूनच. विशेष विवाह कायद्यात नोटिशीचे ३० दिवस आणि तीन साक्षीदार लागतात, पण प्रत्यक्ष दिवशी टेबलाशी प्रतिज्ञा आणि सह्या झाल्या की संपलं. फोटोग्राफरने आदल्या दिवशी खोली बघून यावी. विवाह अधिकाऱ्याची फोटोला हरकत आहे का ते विचारावं, खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघावं आणि ट्यूबलाइटचा हिरवट रंग खिडकीच्या उजेडात मिसळत असेल तर दोन ट्यूब बंद करून मिळतील का तेही. ३५ एमएमची एक लेन्स पुरते. शटरचा आवाज बंद केला असेल (म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असेल) तर ट्यूबखाली पट्टे येत नाहीत ना, हे तेव्हाच तपासावं. नोंदवहीवर सही करताना माणूस वाकतो आणि चेहरा झाकला जातो. सही झाल्यावर पेन उचलून शेजारच्याकडे बघतो, तो फोटो घ्यायचा.

अर्ध्या दिवसातला उरलेला वेळ तीस माणसांना द्या. एवढी थोडी माणसं असली की प्रत्येकाचा नीट फोटो होऊ शकतो, जे हजार माणसांच्या लग्नात कधीच होत नाही. कार्यालयातून निघून जेवायला जाण्याआधी सावलीची एक जागा गाठा, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असलेला व्हरांडा असेल तर दुपारीही चालतो. आजी-आजोबांना आधी, खुर्चीवर बसवून, कारण तासाभराने ते दमतात. मग आई-वडील, भावंडं, शेवटी मित्र. एका गटाला दोन मिनिटं धरली तर बारा-तेरा गट अर्ध्या तासात होतात. यादी आधी करा आणि ती वाचायला घरातलाच मोठ्या आवाजाचा माणूस नेमा. फोटोग्राफरला तुमची मावशी कोण आणि काकू कोण ते कळत नाही.